धन, ऋण आणि उष्टी हळद

माझ्या बायकोनं मला शपथ घातली होती की लग्न होईपर्यंत घरात एकही प्रयोग करायचा नाही. लग्न म्हणजे आमच्या सईचं. आमचं स्वतःचं झालं तेव्हा अशी शपथ घालायची अक्कल रेश्माला नव्हती, त्यामुळे सौरचुलीपासून गांडूळखतापर्यंत तिनं बरंच काही सोसलेलं आहे. गांडुळं बाथरूममध्ये कशी पोहोचली, हा विषय आमच्याकडे आजही कुणी काढत नाही.

मी बी.एस्सी. आहे. रसायनशास्त्र, द्वितीय श्रेणी. पुढं मला पतसंस्थेत नोकरी लागली आणि सगळी उमर शिक्के मारण्यात गेली. आवर्त सारणी पाठ असलेला माणूस शिक्के मारत बसला तर आतल्या आत काहीतरी साचतं, आणि ते निवृत्तीनंतर बाहेर येतं. रेश्मा याला वात म्हणते. मी याला विज्ञान म्हणतो.

तरी मी शपथ पाळली असती. पण साखरपुड्याच्या दिवशी सईच्या होणाऱ्या सासऱ्यांनी आमच्याकडे पाण्याचा पेला तोंडाला लावला, थबकले आणि तो तसाच खाली ठेवला. विश्वजीतराव सांगलीचे हळदीचे बडे व्यापारी. नुसत्या वासावरून हळद कुठल्या शिवारातली ते सांगणारं त्यांचं नाक. ते एवढंच म्हणाले, "पाण्याला कसला तरी वास मारतोय हो."

वास होता. आमच्या सुखशांती सोसायटीच्या टाकीचं झाकण वळवाच्या वाऱ्यानं उडून कुठं गेलं ते कुणाला माहीत नव्हतं, आणि कबुतरांना टाकी आवडली होती. पण ते वाक्य माझ्या काळजात रुतलं. उद्या लग्नाला सांगलीचं वऱ्हाड येणार, इथलं पाणी पिणार, पोट धरून परत जाणार, आणि मग आमची पोर सासरी जन्मभर 'तुझ्या माहेरचं पाणी' ऐकत राहणार. एकुलती एक पोर आहे माझी. तिला कुणी एका शब्दानं हिणवलेलं मला सोसणार नव्हतं.

टाकी धुवून घेतली, नवं झाकण बसवलं, तरी वास जाईना. म्हणून पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर मागायला मी एका कचेरीत गेलो. कुठल्या ते सांगत नाही, मला याच साताऱ्यात राहायचं आहे. तिथल्या गृहस्थांनी मला बसवलं, चहा पाजला आणि विचारलं, "पेशंट किती आहेत?"

"पेशंट कुणीच नाही," मी म्हणालो.

"उलट्या? जुलाब?"

"अजून नाहीत."

"मग साहेब, साथ आल्याशिवाय पावडर कशी देणार? एखादा तरी पेशंट घेऊन या." मग आवाज खाली आणून अगदी आपुलकीनं म्हणाले, "घरातला असला तरी चालेल."

घरात मी, रेश्मा आणि सई. सई तर नवरी. रेश्माला या कामासाठी विचारण्याची माझी छाती झाली नाही. दुकानात जाऊन पावडर विकत घेता आली असती, हे आता सगळेच सांगतात. पण घरी येताना रिक्षात मला एकदम लख्ख आठवलं. मिठाच्या पाण्यात वीज सोडली की क्लोरीन सुटतो! विद्युत अपघटन! बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला पेपरात आलं होतं आणि मी आकृतीसकट लिहिलं होतं. टीसीएल पावडरीत तरी दुसरं काय असतं? मीठ घरात, वीज घरात, बी.एस्सी. घरात. राहता राहिली शपथ. तर शपथ प्रयोगाची होती, आणि हे उत्पादन होतं. वकिलाला विचारा हवं तर.

खड्याचं मीठ आणलं, मागच्या सज्जात बादली मांडली, आणि वीज हवी म्हणून शेजारच्या सुभेदार नाथाजींकडं त्यांच्या इन्व्हर्टरची बॅटरी मागितली. सुभेदार फौजेतून निवृत्त झाले, तरी त्यांच्या आवाजाला अजून कुणी तसं कळवलेलं नाही. ते कशाला ते न विचारता बॅटरी उचलून घेऊन आले आणि बादलीशेजारी 'विश्राम'मध्ये उभे राहिले.

दोन्ही तारांना मी रेश्माचे स्टीलचे चमचे बांधले. पाण्यात बुडबुडे आले आणि मला गहिवरून आलं. पण थोड्याच वेळात पाणी पिवळं, मग तांबूस, मग गटाराला लाज वाटेल असं झालं. एक चमचा निम्मा राहिला.

"सायेब," सुभेदार बादलीत वाकून म्हणाले, "ह्ये पानी वऱ्हाडाला पाजायचं हाय व्हय? मंग दुश्मनाला काय पाजनार?"

मी त्यांना सांगितलं की चूक विज्ञानाची नसून चमच्यांची आहे. लोखंड विरघळतं, इथं कार्बन पाहिजे. सुभेदारांनी तडक घरी जाऊन आपल्या जुन्या टॉर्चचे सेल फोडले आणि आतल्या काळ्या कांड्या काढून आणल्या. आता पुस्तकात दोन बाजूंच्या मध्ये एक सच्छिद्र भिंत दाखवलेली असते, म्हणजे दोन्हीकडची द्रव्यं मिसळत नाहीत. ती मी कुठून आणणार? पण संक्रांतीची सुगडं माळ्यावर होती. कच्च्या भाजणीचं मडकं, पाणी झिरपू देणारं, याहून सच्छिद्र काय असतं? बादलीत सुगड ठेवलं, एक कांडी सुगडात, एक बाहेर, आणि सज्जात पोहण्याच्या तलावासारखा वास सुटला. अत्तर हुंगावं तसा मी तो हुंगला आणि पाऊण तास खोकत बसलो.

सुगडातलं पाणी म्हणजे क्लोरीनचं, टाकीत घालायचं. बाहेरचं पाणी म्हणजे कॉस्टिकचं, दाहक, मोरी साफ करायला उत्तम. दोन्ही वेगवेगळी साठवायला लोणच्याच्या दोन पांढऱ्या बरण्या घेतल्या आणि घोटाळा होऊ नये म्हणून त्यांच्यावर निळ्या खडूनं ठळक लिहिलं. क्लोरीन सुटतो त्या टोकाला मराठी पुस्तकात धनाग्र म्हणतात आणि दुसऱ्याला ऋणाग्र. बरणीवर जागा कमी, म्हणून मी एकीवर 'धन' लिहिलं आणि दुसरीवर 'ऋण'.

मराठीत विज्ञान शिकवणाऱ्या थोर लोकांना माझं हात जोडून सांगणं आहे की दुसरे कुठलेही शब्द चालले असते.

सोसायटीत दुपारपर्यंत बातमी पसरली की मागच्या सज्जात धन निघालं. मीठ आहे, मडकं आहे, तारा आहेत, धूर येतो, आणि घरधनी दार लावून खोकतो. यात गुप्तधनाला कमी काय होतं? वरच्या मजल्यावरच्या कोंडीबा आण्णांनी येऊन हळूच सुचवलं की अमावस्या धरा, पायाळू माणूस हवा असेल तर माझा धाकटा मेहुणा आहे. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं की निघालं त्यात सोसायटीचाही हिस्सा असतो, कारण सज्जा सामाईक आहे. सज्जा सामाईक नाही, हे मी नकाशा काढून दाखवलं. तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे निघालंय खरं!"

शेवटी मी जिन्यात उभा राहून जाहीर केलं, "ऐका! मी फक्त पाणी शुद्ध करतोय. लग्नाच्या पाहुण्यांसाठी. एकदम शुद्ध पाणी!"

हे वाक्य मी बोललो नसतो तर पुढचं काही झालं नसतं. पण रेश्माही तेव्हा जिन्यात होती आणि तिच्यासमोर 'क्लोरीन' हा शब्द उच्चारणं शक्य नव्हतं. तिनं माझ्याकडं रोखून पाहिलं आणि विचारलं, "हा प्रयोग नाही ना?" मी म्हणालो, "पाणी शुद्ध करण्याला कुणी प्रयोग म्हणतं का? हे उत्पादन आहे." तिच्यामागं लग्नाची हजार कामं होती, म्हणून मी सुटलो.

हळदीच्या आदल्या दिवशी रेश्माची वडूजची आत्या आली. बनूआत्या माझ्या लग्नापासून मला जावईबापू म्हणते आणि मला स्वतःला जावई येऊ घातला तरी तिनं त्यात बदल केलेला नाही. तिनं आल्या आल्या घराचा ताबा घेतला. जिन्यातला माझा निर्वाळा तिच्याही कानावर घातला गेला होता.

हळदीच्या दिवशी सकाळी मी सोसायटीच्या हॉलवर मांडववाल्याशी भांडायला गेलो होतो. परत आलो तेव्हा सांगलीची गाडी खाली उभी होती. नवऱ्या मुलाला लावून उरलेली हळद नवरीला लावतात, ती उष्टी हळद घेऊन नवरदेव ऋषिराजची बहीण पूजा करवली म्हणून आली होती. हळद त्यांच्याच पेढीची, त्यामुळे विश्वजीतराव जातीनं सोबत आले होते. चांदीच्या वाटीत सुकून घट्ट झालेला गोळा आणि सोफ्यावर छाती काढून बसलेले ते. सई पिवळी साडी नेसून पाटावर बसली होती. इतकी गोड दिसत होती की मी मांडववाल्याला माफ केलं.

बनूआत्यानं वाटीत पाणी घातलं, बोटानं कालवलं आणि तिचा हात थांबला. सोन्यासारखी पिवळी हळद बघता बघता नारिंगी झाली, मग विटकरी, आणि मग लालभडक. रक्तासारखी.

कुणीतरी 'अगं बाई' म्हणालं आणि कुणीतरी देवाचं नाव घेतलं. विश्वजीतराव उठून उभे राहिले. "आमची हळद लाल कशी झाली?" ते म्हणाले. "तीन पिढ्यांची पेढी हाय आमची. भेसळीचा एक कण घातलेला न्हाई कवा."

"भेसळीचं नाव बी कुणी काढलं न्हाई, व्याही," आत्या घाईघाईनं म्हणाली. "लाल तर लाल. कुकवाचाच रंग की! शुभ हाय." आणि तिनं ती लाल बोटं सईच्या गालाकडं नेली.

हळद अल्कलीत लाल होते. कॉस्टिक! कातडी सोलून काढणारं कॉस्टिक!

"थांबा!" मी किंचाळलो. "ती हळद सईला लावायची नाही!"

मुलीच्या बापानं सासरची उष्टी हळद भर कार्यक्रमात नाकारणं म्हणजे काय, ते मी मराठी माणसाला सांगायला नको. विश्वजीतराव आधी पांढरे पडले, मग त्यांच्या हळदीसारखेच लाल झाले. "न्हाई लावायची?" ते म्हणाले. "मंग सरळ सांगा की. पूजा, वाटी उचल."

सई माझ्याकडं बघत होती. तिचे डोळे भरले होते. तिला वाटत होतं की बाप सगळं मोडतोय.

मी सज्जाकडं पळालो. बरण्या जागेवर होत्या. पण त्यांच्यावरचा खडू पुसलेला होता, आणि कुंकवानं सुरेख अक्षरात एकीवर लिहिलं होतं 'शुभ' आणि दुसरीवर 'लाभ'.

"आत्या!" मी ओरडलो. "हे कुणी केलं?"

"म्या केलं," आत्या ताठ मानेनं म्हणाली. "आवं जावईबापू, लगीनघरात बरनीवर 'ऋण' लिवून ठेवत्यात व्हय? पाव्हन्यांनी वाचलं तर काय म्हनतील, कर्ज काढून लगीन लावत्यात? म्हनून पुसलं. आन टाकीच्या पान्याला वास येतो, तुमी म्हनला हुता सज्जातलं पानी एकदम शुद्ध, म्हनून 'शुभ'मधलं घातलं."

यात तिची चूक कुठं होती, हे मी आजही दाखवून देऊ शकत नाही.

तेव्हा मी खोलीच्या मधोमध उभा राहिलो आणि आयुष्यातलं सगळ्यात मानहानीचं वाक्य बोललो. "व्याही, तुमची हळद शंभर नंबरी शुद्ध आहे. माझं पाणी अशुद्ध आहे. मी मिठाच्या पाण्यात वीज सोडली होती. मोरी धुवायचं पाणी चुकून हळदीत गेलं."

रेश्मा म्हणाली, "उत्पादन!" एवढंच. तिच्या तोंडून तो शब्द शिवीसारखा निघाला.

विश्वजीतरावांचा विश्वास बसेना. मग मी स्वयंपाकघरातली हळद आणली. साध्या पाण्यात पिवळी, 'शुभ'मध्ये लाल. लाल झालेल्यात लिंबू पिळलं आणि पुन्हा पिवळी. बायकांनी डोळे विस्फारले. कोंडीबा आण्णा दारातून कुजबुजले, "बघा, लिंबू लागलंच शेवटी." विश्वजीतरावांनी स्वतःच्या हातानं दुसरं लिंबू पिळून बघितलं, मग तिसरं. रंग पालटताना बघून व्यापाऱ्यातला पोरगा जागा झाला होता. त्यांचा चेहरा निवळला.

"म्हंजी मालात खोट न्हाई," ते म्हणाले.

"तिळमात्र नाही."

"मंग दुसरी कालवा आन लावा की पोरीला."

इथं पूजानं रडवेल्या आवाजात सांगितलं की दुसरी उष्टी नाही. दादाला लावून उरली ती एवढीच, आणि दादाची अंघोळ झाली. उष्टी हळद काही दुकानात मिळत नाही. आणि ती लावल्याशिवाय नवरीला उठवायचं नाही, असं बनूआत्यानं ठामपणे सांगितलं.

मग वाटीतल्याच हळदीत लिंबू पिळायचं ठरलं. मी पिळलं. लाल गेलं, विटकरी गेलं, आणि खालून तो सांगलीचा सोनपिवळा रंग वर आला. पण माझं मन होईना. लिंबानं दाहकपणा मरतो हे मी परीक्षेत लिहिलं होतं, पण द्वितीय श्रेणीत. माझ्या पोरीच्या गालावर मी द्वितीय श्रेणीचा भरवसा ठेवणार नव्हतो. मी वाटीत हात घातला आणि मूठभर हळद दोन्ही गालांना, कपाळाला आणि मानेला चोपडली. म्हटलं, जळायचं तर आधी माझं जळू दे. सगळे बघत राहिले. आग झाली नाही, चुणचुण झाली नाही. लिंबाचा वास तेवढा आला. "ठीक आहे," मी म्हणालो. "आता लावा."

कुणी हललं नाही. बनूआत्याचे खांदे हलायला लागले.

"आगं बया," ती म्हणाली, "नवरदेवाची उष्टी हळद जावईबापूंनी लावून घेतली! आता लगीन कुनाचं लावायचं?"

आणि मग जे हसू फुटलं ते जिन्यापर्यंत गेलं. पूजा जमिनीवर बसून हसली. विश्वजीतराव सोफ्याच्या पाठीला धरून हसले आणि म्हणाले, "आमच्या पोराला ही नवरी झेपायची न्हाई!" रेश्मानं पदरात तोंड लपवलं, ती हसते की रडते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. सई मात्र हसता हसता उठली, माझ्या गालावरची हळद तिनं आपल्या गालानं पुसून घेतली आणि पुन्हा पाटावर जाऊन बसली. शास्त्रात असं कुठं बसतं ते मला ठाऊक नाही, पण आत्यानं चालवून घेतलं.

माझ्या नव्या मरून झब्ब्यावर हळद सांडली होती. कुणाला काही कळायच्या आत आत्यानं 'लाभ'मधल्या पाण्यानं ती पुसली. डाग गेला, आणि त्याबरोबर झब्ब्याचा मरून रंगही गेला. छातीवर महाराष्ट्राच्या नकाशाएवढा पांढरा पट्टा पडला. क्लोरीन उत्तम तयार झाला होता, याची ही नोंद असावी.

संध्याकाळी सुभेदार बॅटरी न्यायला आले, तेव्हा मी हताशपणे विचारलं, "सगळं निस्तरलं सुभेदार, पण टाकीचं काय? उद्या वऱ्हाड येतंय."

"टाकीत म्या परवाच पावडर टाकली की," ते म्हणाले. "अर्धं पोतं टीसीएल पडलंय माज्या खोलीत."

"अहो, मग मला सांगितलं का नाही?"

"तुमी पावडर कुठं मागितली? बॅटरी मागितली, दिली."

फौजेत म्हणे असंच शिकवतात.

दुसऱ्या दिवशी सईचं लग्न लागलं. मी तोच झब्बा घातला होता, कारण दुसरा नव्हता, आणि वरून उपरणं घेतलं होतं, जे सारखं सरकत होतं. सांगलीचे पाहुणे एकमेकांना कोपरखळ्या मारून मला दाखवत होते. एक म्हातारे गृहस्थ तर हात जोडून म्हणाले, "हेच का ते, हळद लागलेले?" पाणी मात्र सगळ्यांनी दोन-दोन पेले प्यायलं. विश्वजीतरावांनी माझ्यासमोर पेला तोंडाला लावला, अख्खा रिकामा केला आणि काही न बोलता पुन्हा पुढं केला.

मग सईला नाव घ्यायचा आग्रह झाला. माझी पोर लाजाळू, मला वाटलं पाठ केलेलं काहीतरी म्हणेल. तिनं ऋषिराजकडं पाहिलं, मग गर्दीत मला शोधलं, आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"सांगलीची हळद आली, साताऱ्यात झाली लाल,
ऋषिराजचं नाव घेते, पण आधी रंगले बाबांचे गाल!"

हॉल दणाणला. बनूआत्यानं शिट्टी मारली, ही कला तिच्याकडं आहे हे मला माहीत नव्हतं. मला उठून सांगावंसं वाटलं की लाल होण्याचं कारण पाणी, हळद नव्हे, आणि यमकासाठी विज्ञानाचा बळी देऊ नये. पण मी तोंड उघडायच्या आत डोळे वाहायला लागले. पाणी ओघळून ओठांशी आलं तेव्हा चव कळली. मीठच होतं, द्रावण बऱ्यापैकी संपृक्त. सुभेदार शेजारीच उभे होते आणि त्यांनी हळूच विचारलं, "सायेब, बॅटरी आनू का?"